व्हीट्यूबर एजन्सींचा रिव्ह्यू: पैसे भरण्याआधी विचारा, नाव कोणाचं आणि खातं कोणाचं

दर महिन्याच्या सहा तारखेला मेंबरशिपचे पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि २०२१ पासून मी तो मेसेज बघून खूशच होत आलेय, त्यामुळे हा रिव्ह्यू लांबून बघून नावं ठेवणाऱ्या माणसाचा नाहीये हे आधी सांगते. मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, संध्याकाळी मोकळी झाले की व्हीट्यूबर्सच्या, म्हणजे कार्टूनच्या रूपात लाइव्ह येणाऱ्या लोकांच्या, स्ट्रीम लावते, आणि आत्तापर्यंत मेंबरशिप, सुपरचॅट (लाइव्ह चालू असताना पैसे देऊन पाठवायचा मेसेज), ट्विच या स्ट्रीमिंग साइटचे सब (महिन्याचं सबस्क्रिप्शन), व्हॉइस पॅक (स्ट्रीमरच्या आवाजातलं विकत मिळणारं रेकॉर्डिंग), अ‍ॅक्रिलिक स्टँड या सगळ्यावर जो काही खर्च केलाय तो वहीत लिहून ठेवलाय. रिव्ह्यू कुठल्या एका स्ट्रीमरचा नाहीये. या स्ट्रीमर्सना सांभाळणाऱ्या ज्या कंपन्या असतात, एजन्सी, त्यांचा आहे, एक गिऱ्हाईक म्हणून. कारण आपण पैसे भरतो ते त्या माणसाच्या गप्पांसाठी, गाण्यासाठी, हसण्यासाठी, पण पावती फाडते एजन्सी, आणि त्या दोघांचं बिनसलं की गिऱ्हाइकाच्या हातात काय उरतं हे कुठेच नीट लिहिलेलं नसतं.

आकडे आधी देऊन टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. होलोलाइव्ह पाचपैकी साडेतीन. निजीसान्जी इंग्लिश दीड. व्हीशोजो शून्य, ती कंपनी आता बंदच झालीय पण तिच्याबद्दलच मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीट्यूबर म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरा माणूसच असतो पण स्क्रीनवर त्याच्याऐवजी एक अ‍ॅनिमे टाइप कॅरेक्टर दिसतं, माणूस मान हलवतो तसं ते मान हलवतं, तोंड उघडतो तसं तोंड उघडतं. गेम खेळणं, गाणं, तासन् तास गप्पा, सगळं लाइव्ह. एजन्सी काय करते तर कॅरेक्टरचं डिझाइन करून घेते, मॉडेल बनवून घेते, मॅनेजर देते, गेमच्या कंपन्यांकडून स्ट्रीमची आणि गाण्याच्या मालकांकडून कव्हरची, म्हणजे तेच गाणं आपण गाण्याची, परवानगी काढते, स्टुडिओ देते, मर्च, म्हणजे कॅरेक्टरच्या वस्तू, विकते. हे सगळं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून एजन्सी वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. होलोलाइव्हची एखादी थ्रीडी लाइव्ह कॉन्सर्ट बघा, त्यामागे किती लोकांची मेहनत असते ते डोळ्यांना दिसतं. आणि आपल्याला वेळही सोयीची पडते, जपानमध्ये रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेपाच, चहाच्या वेळेला स्ट्रीम सुरू.

म्हणजे माल चांगला आहे. प्रश्न मालाचा नाहीच. प्रश्न दुकानाचा आहे.

निजीसान्जी इंग्लिशपासून सुरुवात करते कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. निजीसान्जी चालवते एनीकलर नावाची जपानी कंपनी, इंग्लिश शाखा सुरू झाली मे २०२१ मध्ये, आणि जुलैत दुसरी बॅच आली त्यात सेलेन तात्सुकी होती. एपेक्स नावाचा गेम खेळायची, स्वतः टूर्नामेंट भरवायची, आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये इतका जीव ओतायची की तिच्या स्ट्रीममधून उठवत नसे. डिसेंबर २०२३ च्या शेवटी तिनं एका गाण्याचं कव्हर टाकलं, म्युझिक व्हिडिओसकट, अ‍ॅनिमेशनवाले, चित्रकार, कितीतरी लोकांचं काम होतं त्यात, आणि थोड्याच वेळात तो व्हिडिओ प्रायव्हेट झाला. परवानगीचा घोळ. मग ती गप्प झाली, जानेवारी पूर्ण गप्प, आणि ५ फेब्रुवारी २०२४ ला एनीकलरने जाहीर केलं की तिचा करार संपवलाय, सोबत तिनं काय काय नियम मोडले त्याची लांबलचक नोटीस.

त्याच दिवशी ती तिच्या स्वतःच्या जुन्या अकाउंटवर, डोकीबर्ड नावाने, बोलली. डिसेंबरात ती हॉस्पिटलमध्ये होती हे लोकांना तेव्हा कळलं. ती स्वतःच बाहेर पडायला बघत होती हेही तेव्हाच कळलं. मी ऑफिसात होते, लंच ब्रेकमध्ये ते वाचलं आणि डबा तसाच बंद करून ठेवला.

आता गिऱ्हाईक म्हणून माझं म्हणणं काय, तर दोन बाजूंमध्ये वाद होणं मी समजू शकते. कंपनीला परवानग्यांचे कायदे पाळावेच लागतात, जपानमध्ये गाण्याच्या हक्कांचं प्रकरण कडक आहे, आणि स्ट्रीमर माणूस आहे, तोही चुकू शकतो. पण कंपनी बोलली कशी ते बघा. गुंतवणूकदारांसाठी जे निवेदन काढलं त्यात लिहिलं की या टर्मिनेशनचा कंपनीच्या कमाईवर होणारा परिणाम किरकोळ असेल. शेअर बाजारात असलेल्या कंपनीला असं काहीतरी सांगावं लागतं हे मला माझ्या कामामुळे माहितेय, ती भाषा मी रोज वाचते. पण अडीच वर्षं ज्या माणसाच्या नावावर तुम्ही मेंबरशिप घेतली, स्टँड विकले, तिच्यासाठी जगभरातले लोक जागे राहिले, ते वाक्य त्या लोकांच्याही डोळ्यासमोर जाणार आहे हे ते लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. किरकोळ. आम्ही पण त्यातच आलो ना.

आणि मग १३ फेब्रुवारीला जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. एलिरा, आइक आणि व्हॉक्स हे तीन सहकारी लाइव्ह आले आणि या प्रकरणावर आपली बाजू मांडली. मला त्या तिघांबद्दल राग नाही, त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं. पण निर्णय मॅनेजमेंटचा, करार मॅनेजमेंटचा, नोटीस मॅनेजमेंटची, आणि लोकांच्या शिव्या खायला टॅलेंट, म्हणजे स्ट्रीमर, पुढे, हे कुठल्याही चांगल्या चालवलेल्या ऑफिसात होऊ नये. आमच्या ऑफिसात क्लायंट चिडला की सर स्वतः फोन घेतात, आर्टिकलशिपच्या पोराच्या हातात देत नाहीत. सीईओ ताझुमी यांनी नंतर व्हिडिओ करून माफी मागितली हे खरं, पण तो क्रम उलटा असायला हवा होता, पहिल्या दिवशी सीईओ आणि नंतर गरज पडली तर बाकीचे.

डोकीबर्डने स्वतंत्रपणे स्ट्रीम सुरू केली तेव्हा काही दिवसांत लाखो लोक तिकडे गेले. म्हणजे लोकांना कोण हवं होतं ते कळलंच. पण सेलेन हे नाव, ते रूप, तो चॅनल, ते सगळं कंपनीकडे राहिलं. नाव कंपनीचं असतं ते हे असं.

यावर मला नेहमी आमच्या आजोबांचं बोलणं आठवतं, ते संगीत नाटकांचे वेडे होते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बायकांचे रोल करणारा पुरुष, म्हणजे तिथेही एक रूप आणि रूपाच्या आत एक गाणारा माणूस होताच. पण बालगंधर्व हे नाव ते सोबत घेऊन गेले, नव्या मंडळीचं नावच त्या नावावर ठेवलं, आणि ज्यांना त्यांचं गाणं ऐकायचं होतं ते तिकडे तिकीट काढून बसले. आता समजा किर्लोस्कर मंडळीने सांगितलं असतं की बालगंधर्व हे नाव आमच्या मालकीचं, इथून पुढे या नावाने गायचं नाही, आणि मी तोच आहे असं कुणाला उघड सांगायचंही नाही. व्हीट्यूबर एजन्सीत बहुतेक वेळा नेमकं हेच होतं. बाहेर पडलेला माणूस नव्या नावाने, नव्या चेहऱ्याने शून्यापासून सुरू करतो आणि चाहते कुजबुजत एकमेकांना पत्ता सांगतात.

मग याच्या उलट मॉडेल असेल तर सगळं चांगलं होईल, असं मला २०२१ ते २०२५ पर्यंत मनापासून वाटत होतं. म्हणूनच व्हीशोजो.

व्हीशोजो अमेरिकेतली, २०२० च्या शेवटी सुरू झालेली. त्यांचं सांगणं असं होतं की टॅलेंट आधी, कंपनी नंतर. कॅरेक्टर स्ट्रीमरच्याच मालकीचं राहणार, सोडून गेलात तर नाव आणि रूप घेऊन जा. हे ऐकून मी अक्षरशः लोकांना सांगत सुटले होते की बघा, असंही करता येतं. आयर्नमाउस तिथली सगळ्यात मोठी. पोर्तो रिकोची मुलगी, रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार आहे, बराचसा काळ अंथरुणावर, घराबाहेर पडणंही धोक्याचं, आणि अशा स्थितीत ती ऑपेरा गाते आणि इतकी हसवते की विचारू नका. २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये तिला कंटेंट क्रिएटर ऑफ द इयर मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं सबथॉन केली, म्हणजे जितके सब येतील तितकी स्ट्रीम लांबत जाते, आणि त्या महिन्यात ट्विचवर एका वेळी सगळ्यात जास्त सब असण्याचा रेकॉर्ड तिनं मोडला, ३ लाखांच्या वर गेले सब. त्यातली रक्कम इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशनला जाणार होती, तिच्यासारख्या आजारी लोकांसाठी काम करणारी संस्था. मी पण त्यात सब टाकले होते, पाच, भेट म्हणून, वहीत तारीख आहे.

२१ जुलै २०२५ ला तिनं व्हिडिओ टाकला की मी व्हीशोजो सोडलंय, माझे पैसे थकवलेत, आणि संस्थेला द्यायचे ५ लाख डॉलरच्या वरचे पैसेही पोहोचलेले नाहीत. आपल्या हिशोबात चार कोटींच्या पुढे.

मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून असेल पण हे वाचून मला जो धक्का बसला तो सेलेनच्या वेळेपेक्षा वेगळा होता. आमच्या गल्लीतलं गणपतीचं मंडळ घ्या. तिथे चार पोरं आणि एक पावतीपुस्तक, पण पूरग्रस्तांसाठी डबा फिरवला तर तो डबा वेगळा, मांडववाल्याचे कितीही पैसे थकलेले असू देत त्या डब्याला हात लागत नाही, लागला तर दुसऱ्या दिवशी गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. दुसऱ्याच्या नावाने आलेला पैसा वेगळा ठेवायचा हे हिशोबाचं पहिलीतलं गणित आहे. आणि इथे गुंतवणूकदारांकडून फंडिंग घेतलेली कंपनी. दोन-तीन दिवसांत एकेक करून टॅलेंट बाहेर पडत गेले, ज्यांची नावं मी वर्षानुवर्षं ऐकतेय ते सगळे, आणि मग सीईओ जस्टिन इग्नासिओ यांचं निवेदन आलं की कंपनी बंद होतेय. त्यात त्यांनी कबूल केलं की सुमारे १ कोटी १० लाख डॉलर उभे केले होते, ते संपले, आणि टॅलेंटच्या कामातून उभा राहिलेला काही पैसाही कंपनीने खर्च केला. हा पैसा चॅरिटीचा आहे हे तेव्हा कळलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं. जी स्ट्रीम चॅरिटीची म्हणून सगळ्या जगाला माहीत होती ती तिच्याच एजन्सीला माहीत नव्हती, हे मी एक हिशोब ठेवणारी व्यक्ती म्हणून मान्य करूच शकत नाही. पैसा कोणत्या खात्यात आला, कशासाठी आला, हे लिहून ठेवणं एवढंच तर काम होतं.

चाहत्यांनी मात्र जे केलं ते बघून रडू आलं. आयर्नमाउसने संस्थेसाठी नव्याने देणगीची लिंक दिली आणि काही दिवसांत ती रक्कम १० लाख डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे कंपनीने जे थकवलं त्याच्या जवळपास दुप्पट लोकांनी आपल्या खिशातून भरलं. ज्यांनी एकदा दिले होते त्यांनीच परत दिले. मी पण.

आणि इथे माझं मत बदललं. नाव स्ट्रीमरचं होतं म्हणून आयर्नमाउस आजही आयर्नमाउस आहे, तेच रूप, तोच चॅनल, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू, सेलेनसारखं नाव गमवावं लागलं नाही. हा व्हीशोजोच्या कराराचा खरा फायदा आणि तो मी नाकारणार नाही. पण पैसा कंपनीच्या खात्यातून फिरत होता, त्यामुळे नाव हातात असूनही कमाई हातात नव्हती. निजीसान्जी शेअर बाजारात आहे, तिचे आकडे दर तिमाहीला छापून येतात, ऑडिट होतं, तिथे माणसाला वागवणं चुकलं. व्हीशोजोत माणसाला मोठं म्हटलं आणि पैशाची शिस्त नव्हती. म्हणून आता कुठल्याही एजन्सीबद्दल मी फक्त दोन गोष्टी बघते: सोडून गेल्यावर नाव कोणाकडे राहतं, आणि मी दिलेला रुपया स्ट्रीमरपर्यंत पोहोचण्याआधी कुणाकुणाच्या खात्यात थांबतो. यूट्यूब मेंबरशिपमधले ३० टक्के यूट्यूब घेतं, उरलेलं चॅनलला जातं, आणि एजन्सीचा चॅनल असेल तर तिथून पुढे एजन्सी वाटा ठरवते. मर्चमध्ये तर अजून मधली माणसं. आपण देतो शंभर आणि समजतो शंभर पोहोचले.

होलोलाइव्हला साडेतीन का दिले ते सांगते, कारण यावर माझी मैत्रिणीशी भांडणं झालीयेत, ती म्हणते तूच फॅन म्हणून जास्त दिलेस.

होलोलाइव्ह कव्हर नावाच्या कंपनीची. तिथेही कॅरेक्टर कंपनीचंच. तिथेही लोक जातात आणि २०२४-२५ मध्ये खूप गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये मिनातो अक्वा गेली, कंपनीशी मतभेद असं स्वतः सांगून. जानेवारी २०२५ मध्ये सेरेस फॉना, मॅनेजमेंटशी पटत नाही हे तिनं लपवलं नाही. आणि मग गॉर गुरा, ४० लाख सबस्क्रायबर्सपर्यंत पोहोचलेली पहिली व्हीट्यूबर, तिनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की कंपनीची दिशा आणि मॅनेजमेंट यांच्याशी मतभेद आहेत आणि महिनाअखेरीला शेवटची स्ट्रीम. आपल्याकडे १ मे उजाडला होता, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मी पूर्ण बघितली.

कशावरून मतभेद, तर बाहेरून जे दिसतं त्यावरून मला असं वाटतं की कंपनी ज्या कारणाने मोठी झाली आणि आता ज्या कारणाने पैसे कमावते ती दोन कारणं वेगळी झालीत. मोठी झाली ती घरातून केलेल्या गप्पांवर, मध्यरात्रीच्या गेमवर. आता कव्हरच्या उत्पन्नातला सगळ्यात मोठा वाटा मर्चचा आहे, मग कॉन्सर्ट, लायसन्सिंग, ब्रँड. त्यासाठी रेकॉर्डिंग, डान्सची प्रॅक्टिस, टोकियोला ये-जा, आणि इंग्लिश शाखेतल्या मुली तर दुसऱ्या देशात राहणाऱ्या. म्हणजे ज्या माणसाला खोलीत बसून लोकांशी बोलायला आवडायचं म्हणून ती या धंद्यात आली तिला बोलायलाच वेळ उरत नाही. मेंबर म्हणून मलाही हे जाणवतं, मोठे इव्हेंट वाढले आणि साध्या स्ट्रीम कमी झाल्या, आणि मी पैसे साध्या स्ट्रीमसाठीच भरत होते.

आणखी एक गोष्ट जी फॅन लोक पटकन विसरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानच्या फेअर ट्रेड कमिशनने कव्हरवर कारवाई केली, कारण मॉडेल आणि चित्रं बनवणाऱ्या २३ कंत्राटदारांकडून त्यांनी २४३ वेळा फुकट दुरुस्त्या करून घेतल्या होत्या. म्हणजे स्क्रीनवर जे रूप बघून आपण वेडे होतो ते रंगवणाऱ्याला परत कर, परत कर, आणि वरचे पैसे नाहीत. फ्रीलान्स काम करणाऱ्या कुठल्याही डिझायनरला विचारा हे किती लागतं ते. अर्धा स्टार मी इथेच कापलाय.

मग तरी साडेतीन का. कारण निरोप. अक्वा असो, फॉना असो, गुरा असो, प्रत्येकीला तारीख आधी सांगता आली, स्वतःच्या तोंडाने कारण सांगता आलं, शेवटची स्ट्रीम करता आली, बाकीच्या मुली येऊन रडल्या, गायल्या. २०२१ मध्ये किर्यू कोको गेली तेव्हा तिच्या निरोपाला एका वेळी ४ लाखांपेक्षा जास्त लोक बसले होते. मतभेद आहेत असं कंपनीच्याच चॅनलवरून म्हणू देणं ही छोटी गोष्ट नाहीये, कितीतरी ऑफिसात राजीनाम्याच्या मेलमध्येसुद्धा खरं कारण लिहू देत नाहीत. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेलिया वॉटसनने रोजचं काम थांबवलं तेव्हा तिला अफिलिएट म्हणून ठेवलं, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. चॅनल राहतो, जुन्या स्ट्रीम राहतात, मी अजूनही गुराच्या जुन्या गाण्याच्या स्ट्रीम रविवारी लावते. गिऱ्हाईक म्हणून मला हेच हवंय, की ज्याचे पैसे भरले ते उद्या गायब होऊ नये.

तसं बघितलं तर हे भांडण नवीन नाही. हा सगळा प्रकार जिच्यापासून सुरू झाला ती किझुना आय, २०१६ ची, तिच्या कंपनीने २०१९ मध्ये एकाच कॅरेक्टरमागे अजून तीन माणसं आणली, त्यांना वाटलं रूप तेच आहे तर आवाज कुणाचाही चालेल. लोकांना ते पटलं नाही, पहिलीला बाजूला सारतायत का म्हणून संताप झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये वेगळी कंपनी काढून मूळ आवाज देणाऱ्या कासुगा नोझोमी यांचं नाव उघड करून त्यांना सल्लागार म्हणून घ्यावं लागलं. इतका जुना आणि इतका स्पष्ट धडा समोर होता, तरी पुढच्यांनी तो घेतला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम, कारण बऱ्याच नव्या फॅन्सना माहीतच नसतं. निजीसान्जीची भारतातली शाखा होती! निजीसान्जी इन. २०२० च्या सुरुवातीला तीन जण आले, आद्या, नूर आणि विहान. इंग्लिश शाखेच्याही आधी भारत! पण आधी विहान गेला, मग २०२१ मध्ये आद्या आणि नूर, आणि नेमकं त्याच सुमारास इंग्लिश शाखा धूमधडाक्यात सुरू झाली. मला ही मंडळी उशिरा कळली, क्लिप बघून, आणि आपल्यासारख्या उच्चारात कुणीतरी हे करतंय हे ऐकून इतकं बरं वाटलं आणि लगेच कळलं की संपलंय. एखादी शाखा चालत नाही म्हणून बंद करणं हा कंपनीचा हक्क आहे, पण झाड लावून एका उन्हाळ्यात फळ मागायचं नसतं. भारतात तेव्हा या प्रकाराला बाजारच नव्हता, तो त्या तिघांनी तयार करायचा होता, आणि त्याला वर्ष-सव्वा वर्ष पुरत नाही.

आता सर्व्हिसचा कोरडा भाग. भारतात बसून मर्च मागवणं महाग पडतं, स्टँडपेक्षा शिपिंग जास्त होतं आणि वर कस्टम ड्युटी कधी लागते कधी नाही, मी आता तीन-चार जणी मिळून एकदाच ऑर्डर करते. मध्ये कार्डाच्या ऑटो डेबिटचे नियम बदलले तेव्हा माझी मेंबरशिप मधेच तुटली आणि सलग महिन्यांचा बॅज गेला, तेव्हापासून सहा तारखेला खात्यात पैसे आहेत ना हे आदल्या दिवशी बघते.

आणि एक अनुभव सांगते, एजन्सीचं नाव घेत नाही, छोटी आहे. तिथल्या एका स्ट्रीमरचा वाढदिवसाचा व्हॉइस पॅक आणि पोस्टकार्डचा सेट मी मागवला होता. पोस्टकार्ड निघायच्या आधीच एजन्सीने तिचा करार संपवल्याचं जाहीर केलं. व्हॉइस पॅकची लिंक बंद. मेल केला तर आपोआप येणारं उत्तर आलं, तीन आठवड्यांनी दुसरं आलं की डिजिटल मालाचा रिफंड नसतो, आणि पोस्टकार्डबद्दल अक्षर नाही. सहा मेल केले मी. पैसे फार नव्हते, पण त्या कार्डावर तिनं आमची नावं हाताने लिहिणार म्हणून सांगितलं होतं. पुढे ती नव्या नावाने परत आली तेव्हा तिच्याकडूनच कळलं की त्या पॅकमधला तिचा वाटा तिलाही मिळाला नव्हता. म्हणजे मी पैसे भरले, तिनं आवाज दिला, आणि आम्हा दोघींच्या हाती काहीच नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मॅनेजमेंट आणि टॅलेंटच्या भांडणात आपण नुसते प्रेक्षक नसतो, तिसरी पार्टी असतो, फक्त करारावर आपली सही कुठे नसते.

म्हणून सध्या मी कसं करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. मोठ्या एजन्सीची एकच मेंबरशिप ठेवलीय, होलोलाइव्हमधली, तीही तिच्या साध्या गप्पांच्या स्ट्रीम अजून आठवड्याला होतात म्हणून. बाकी पैसे स्वतंत्र स्ट्रीमर्सकडे, जिथे मधे कमी हात आहेत. व्हॉइस पॅक घेतला की त्याच दिवशी डाउनलोड करून हार्ड डिस्कवर टाकते, उद्यावर ठेवत नाही. प्रीऑर्डर सहा महिन्यांच्या पुढची असेल तर घेत नाही, कितीही सुंदर असली तरी, कारण सहा महिन्यांत माणूस तिथे असेलच असं आता मला वाटत नाही. आणि चॅरिटीची स्ट्रीम असेल तर सब किंवा सुपरचॅट न टाकता थेट संस्थेच्या पानावर जाऊन देते आणि चॅटमध्ये फक्त सांगते की दिले. स्ट्रीमरला त्याचाही तितकाच आनंद होतो, मी विचारलंय.

एनीकलरची मेंबरशिप मी फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली आणि ते करताना खूप वाईट वाटलं, कारण ज्या मुलाची मेंबरशिप होती त्याचा या सगळ्यात काही दोष नव्हता, आणि माझे पैसे थांबले ते त्याचे थांबले. तिथे अजून कितीतरी चांगले लोक मनापासून काम करतायत, त्यांच्या फ्री स्ट्रीम मी बघते, लाइक करते, क्लिप पाठवते. एक स्टारवर वरचा अर्धा जो आहे तो त्यांच्यासाठीच आहे.

तुम्हालाही अशी कुठली मेंबरशिप थांबवायची असेल तर बिलाच्या तारखेच्या आदल्या दिवशीपर्यंत थांबायची गरज नाही, आज रद्द केली तरी भरलेला महिना संपेपर्यंत मेंबर्सचे व्हिडिओ दिसत राहतात, तेवढ्यात जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या. आणि शक्य असेल तर जाण्याआधी चॅटमध्ये एकदा त्या माणसाला सांगून जा की राग तुझ्यावर नाहीये.